पहिली भेट लपवली की दुसरी चुकते

मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाणारा माणूस शक्यतो आपल्या गावातला डॉक्टर टाळतो. वडूजचा साताऱ्याला जातो, साताऱ्याचा पुण्याला, आणि कोथरूडचा, घरापासून दहा मिनिटांवर दवाखाना असताना, हडपसरला. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दातांच्या दवाखान्याच्या जिन्यात शेजारी भेटले तर ‘काय, दाढ का?’ एवढ्यावर भागते. या जिन्यात भेटले तर दोघेही नजर चुकवतात आणि संध्याकाळी एकाच्या घरी दुसऱ्याविषयी चर्चा होते.

एकदाच जायचे असते तर या द्राविडी प्राणायामाला कोणी हरकत घेतली नसती. पण मनाच्या आजारावरचे उपचार एका भेटीत होत नाहीत. पहिल्या भेटीनंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी, मग महिन्याने तिसरी, असे काही महिने तरी जावे लागते. दिवसभराचा प्रवास, कामावरची रजा आणि ‘कुठे गेला होतास?’ या प्रश्नाला तयार ठेवलेले उत्तर हे सगळे एकदा जमते. दुसऱ्यांदा जमवताना कंटाळा येतो, तिसऱ्यांदा थाप सापडते. दहा दिवसांच्या गोळ्या संपतात आणि उपचारही तिथेच संपतात. मनाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाण्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक धाडसाविषयी असते: लाज सोडा, पुढे या. ते खोटे नाही. पण ज्याने लाज न सोडता, लपूनछपून का होईना, पहिली पायरी चढली, त्याची दुसरी भेट का होत नाही याचा विचार फार कमी होतो.

उपचारांविना राहणाऱ्यांची संख्या लहान नाही. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांच्या बाहेर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून इथले चित्र फार निराळे असेल असे समजण्याचे कारण नाही.

या भेटीपर्यंतचा रस्ताही सरळ नसतो. छातीत धडधडते म्हणून ईसीजी आणि टू-डी इको होतो, पोटात गोळा येतो म्हणून दुर्बिणीतून तपासणी होते, डोके दुखते म्हणून एमआरआय होतो. यातल्या काही तपासण्या गरजेच्याच असतात. थायरॉइडचे बिघाड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस खचल्यासारखा, थकल्यासारखा दिसतो, त्यामुळे आधी शरीर पाहून घेणे योग्यच. अडचण पुढे येते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर फाइल मिटतात आणि सांगतात, “तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.” ज्याला तीन महिने झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला काही झालेले नाही हे वाक्य फार लागते. ‘हा आजार आहे, फक्त माझ्या विषयातला नाही, अमक्यांना दाखवा, हे घ्या पत्र’ असे म्हणायला दोन मिनिटे पुरतात. रुग्ण आपल्याला सोडून जाईल किंवा दुखावेल या भीतीने ती दोन मिनिटे दिली जात नाहीत.

त्याऐवजी मिळते ती रात्रीची अर्धी गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या कुळातली. पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून ती फार गुणकारी वाटते. मूळ नैराश्य किंवा चिंतेचा विकार आत तसाच राहतो, आणि अर्धीची एक, एकाची दोन होत जाते. घरोघरी अशा गोळीवर वर्षे काढणाऱ्या काकू, आजोबा आहेत. मनाच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: “नको बाई, त्यांच्या गोळ्यांची सवय लागते.” सवय लागणारी गोळी त्या आधीपासूनच घेत असतात. नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञ जी नेहमीची औषधे देतात त्यांची अशी चटक लागत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. बंद करताना ती हळूहळू कमी करावी लागतात, इतकेच. उलट झोपेची ती गोळी बरीच वर्षे घेऊन एकदम थांबवली तर हातपाय थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकते. पहिल्या भेटीत ती गोळी लपवू नये, यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

काही जण स्वतःहून जात नाहीत, त्यांना नेले जाते. आणि बहुतेक वेळा फसवून. “माझ्या गुडघ्यासाठी चल सोबतीला,” “फक्त बीपी तपासायचं आहे.” नेणाऱ्याची कळकळ खरी असते, थकवाही खरा असतो. पण ज्या मुलाला आधीच वाटते आहे की घरचे आपल्याविरुद्ध कट करत आहेत, त्याला दवाखान्याच्या पाटीपाशी आल्यावर काय वाटत असेल? त्याचा संशय त्या दिवशी घरच्यांनीच खरा करून दाखवलेला असतो. पुढे डॉक्टरने कितीही समजुतीने घेतले तरी तो डॉक्टर कटातलाच. वरणातून, चहातून नकळत औषध देण्याचेही तसेच. एक दिवस ते उघडकीस येते आणि मग मुलगा घरचे जेवणही सोडतो.

खरे सांगूनही नेता येते. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे पटत नसले तरी त्याला काही ना काही त्रास होतच असतो. रात्र रात्र झोप नाही, शेजारचे त्रास देतात म्हणून जीव मेटाकुटीला आला आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही. “तुला झोप येत नाही, त्यासाठी डॉक्टरांना दाखवू. ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत,” हे वाक्य खोटे नाही आणि त्यात ‘तू वेडा आहेस’ असेही कुठे नाही. तो नाहीच म्हणाला तर पहिल्यांदा घरच्यांनी एकटे जावे. रुग्णाला न पाहता डॉक्टर औषध देणार नाहीत, देऊही नये. पण घरात कसे बोलायचे, कशाचा वाद घालायचा नाही, धोक्याची खूण कोणती, हे सांगतील. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर मात्र मन वळवण्यात दिवस घालवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार करू शकतो. वेळ इथे खरोखर मोलाची आहे: भास-भ्रम होणाऱ्या आजारात उपचारांविना गेलेला काळ जितका लांबतो तितके नंतर सावरणे अवघड होते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

आता प्रत्यक्ष भेट. सिनेमातला तो लांब कोच बहुतेक दवाखान्यांत नसतो. टेबल, दोन-तीन खुर्च्या, केसपेपर. डॉक्टर जे विचारतात ते रुग्णाला गप्पांसारखे किंवा उलटतपासणीसारखे वाटते, आणि बाहेर आल्यावर तो म्हणतो, “काही तपासलंच नाही, नुसतं बोलले.” ते बोलणे हीच तपासणी असते. त्रास कधीपासून, सकाळी जास्त की रात्री, झोप उशिरा लागते की पहाटेच उडते, वजन घटले का, दारू किती, तंबाखू किती, पाळी नियमित आहे का, घराण्यात कुणाला काय झाले होते. आणि हे विचारता विचारता डॉक्टर पाहत असतात की माणूस बोलतो किती वेगाने, उत्तर द्यायला किती वेळ घेतो, नजर कुठे आहे, बोलण्याचा धागा सुटतो का. मधेच शंभरातून सात वजा करत जायला सांगतात. ती गणिताची परीक्षा नाही, लक्ष किती टिकते ते कळते. नैराश्य दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. रक्त तपासायला सांगितले तर ते दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी आणि काही औषधे सुरू करण्यापूर्वी.

यातले दोन प्रश्न घरच्यांना खटकतात. पहिला, “जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?” आई लगेच म्हणते, “डॉक्टर, नसलेलं डोक्यात घालू नका.” असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे आता पक्के माहीत आहे. बहुतेकांना उलट सुटल्यासारखे वाटते, कारण महिनाभर जे कुणालाच सांगता आले नाही ते कुणीतरी साध्या आवाजात विचारलेले असते. ज्या पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारलाच गेला नाही ती भेट अपुरी समजावी.

दुसरा प्रश्न उलट्या टोकाचा. “कधी फारच उत्साह, दोन-तीन तास झोप पुरते, पैसे उधळले, मोठमोठे बेत केले, असं झालंय का? घरात कुणाला?” इथे कुटुंबे हटकून गप्प बसतात. एका धडाक्यात दुकान विकून टाकणारे, महिनाभर गावभर भाषणे देत हिंडलेले मामा आठवत असतात, पण मुलीच्या लग्नाआधी ते नाव कोण काढणार? आणि नेमके तेच सांगायला हवे असते. समोरचे नैराश्य द्विध्रुवी आजारातले असेल तर नुसते नैराश्यावरचे औषध दिल्याने माणूस उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतो. मामांची गोष्ट झाकली म्हणजे अब्रू राहते आणि चिठ्ठी चुकते.

म्हणून रुग्णाला काही मिनिटे तरी डॉक्टरांशी एकट्याने बोलायला मिळाले पाहिजे. आपल्या दवाखान्यांत हे सर्वात कमी पाळले जाते. सून खुर्चीत बसते, सासू शेजारी, नवरा मागे उभा, “कसं वाटतं?” या प्रश्नाचे उत्तर सासू देते. घरात मार असेल, नकोसा स्पर्श असेल, लग्नच नकोसे असेल, तर ते या मांडणीत कधीच बाहेर येणार नाही. कॉलेजातला मुलगा गांजाविषयी वडिलांसमोर बोलणार नाही. घरच्यांचे ऐकूनही घ्यायलाच हवे, कारण काही गोष्टी रुग्णाच्या लक्षातच येत नाहीत. पण दोघांचे एकाच वेळी, एकमेकांसमोर नको. डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर रुग्णाने मागावे, “मला पाच मिनिटं एकट्याशी बोलायचं आहे.” आणि नातेवाइकाने खुर्ची सोडावी, रागावू नये.

गर्दीच्या सरकारी ओपीडीत हे कसे व्हायचे, हा प्रश्न रास्त आहे. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही; प्रमाण ०.७५ च्या आसपास आहे आणि त्यातलेही बहुतेक मोठ्या शहरांत. तिथे पाऊण तासाची पहिली भेट ही चैन ठरते. मग काही काम घरूनच करून न्यावे. वहीच्या एका पानावर त्रास कधी सुरू झाला, आधी काय उपचार झाले, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यात काढा, चूर्ण, वजन कमी करण्याची पावडरसुद्धा, एवढे लिहून नेले तरी अर्धा वेळ वाचतो. तोंडाने सांगता येत नाही असे काही असेल तर तेही तिथेच लिहावे.

गोळ्या दिल्या गेल्या की दुसऱ्या भेटीचे भवितव्य पुढच्या पंधरा दिवसांत ठरते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम त्याहून उशिरा. त्रास मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच जाणवतो: मळमळ, तोंडाला कोरड, अस्वस्थता, कधी गुंगी. म्हणजे आधी तोटा दिसतो आणि फायदा नंतर. हे ज्याला आधी सांगितलेले नसते तो चौथ्या दिवशी गोळ्या कपाटात टाकतो आणि ‘मला नाही मानवलं’ असे ठरवतो. यात त्याची चूक कमी आहे. ते सांगणे डॉक्टरचे काम होते. चिठ्ठीवर औषधाचे नाव वाचता येईल असे लिहिणे, कशासाठी आहे ते सांगणे, त्रास झाला तर काय करायचे ते सांगणे, हे औषधाइतकेच उपचार आहेत, आणि अनेक नामांकित दवाखान्यांत ते उरकले जाते हेही म्हटले पाहिजे.

“आयुष्यभर घ्याव्या लागतील का?” या प्रश्नाला एकच उत्तर नाही, म्हणून ते शेजाऱ्याकडून घेऊ नये. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. द्विध्रुवी आजारात किंवा स्किझोफ्रेनियात ते अनेक वर्षे, काहींना कायमच लागते, मधुमेहात लागते तसे. नेमका कोणता आजार हेही पहिल्या भेटीत नेहमी ठरत नाही. डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निदान बदलतात तेव्हा ‘यांनाच काही कळत नाही’ असे वाटते. पण मनाच्या आजाराचा चेहरा दिवसांगणिक स्पष्ट होत जातो आणि जो डॉक्टर आपले पहिले मत तपासून पाहतो तो बरा. काहींना गोळीची गरजच नसते. बोलून, शिस्तीने केलेल्या मानसोपचारांनी भागते. ते काम बहुतेकदा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात, जे डॉक्टर नसतात आणि औषध लिहून देत नाहीत. हा फरक माहीत नसल्याने अनेक जण चुकीच्या दारात बसून राहतात.

राहिला शिक्का. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ हे विनोद मराठी घरांत अजून चालतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालये त्या विनोदातच बंदिस्त झाली. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, सकाळी केसपेपर काढून दुपारी औषध घेऊन घरी येता येते, हे सांगितले की लोकांना नवल वाटते. २०१७ चा कायदा इथेही रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे तो माणूस कायद्याने ‘वेडा’ ठरत नाही, ते न्यायालयाशिवाय कोणी ठरवू शकत नाही. त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. शारीरिक आजारांना जसा विमा, तसाच मानसिक आजारांना द्यायला हवा. कागदावर हे सगळे चोख आहे.

लग्न मात्र कायद्याच्या कागदावर जुळत नाही. स्थळे पाहायला सुरुवात झाली की मुलीच्या गोळ्यांचा डबा कपाटाच्या मागच्या कप्प्यात जातो. लग्नाच्या आठवड्यात जागरणे, धावपळ, आणि सासरी गेल्यावर गोळी कुणासमोर घ्यायची म्हणून ती बंदच. जागरण आणि बंद केलेले औषध हे दोन्ही एकत्र आले की काही आजार उलटायला फार दिवस लागत नाहीत, आणि मग दोन्ही घरे म्हणतात की फसवणूक झाली. लग्नाचा विषय पहिल्या काही भेटींतच डॉक्टरांकडे काढला तर पुष्कळ काही आखता येते: कधी सांगायचे, कोणाला सांगायचे, आणि पुढे मूल हवे असेल तर कोणते औषध आधीच बदलायचे. काही औषधे गर्भाला अपायकारक असतात, त्यामुळे ही चर्चा तरुण मुलीच्या बाबतीत टाळण्यासारखी नाहीच.

दूर जाऊनच दाखवायचे असेल तर तसेही करावे. न दाखवण्यापेक्षा ते शंभर पट बरे. फक्त निघताना डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की दर महिन्याला येणे जमणार नाही. मग ते जवळच्या डॉक्टरच्या नावाने पत्र देऊ शकतात, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पुढची औषधे मिळतील अशी सोय सांगू शकतात. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनंतर काही ठराविक औषधे सोडली तर पुढच्या अनेक भेटी व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात. ज्याला अजून कुठेच जाण्याचा धीर नाही त्याच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक, फोन विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. पलीकडचा माणूस जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे ते सांगतो. तिथे जाताना आधीच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, फाडून टाकलेल्या असतील तर औषधांची रिकामी पाकिटे तरी.